आईचा स्तन काढायचा आहे, आम्ही वडोदऱ्यात राहतो. पुनर्रचनेसाठी सिलिकॉन बरं की पोटाचं मांस?

आधी विचारा, नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, लागणार का? बरंचसं त्यावरच ठरतं. शेक दिलेल्या जागी सिलिकॉनभोवती कडक आवरण धरण्याचा धोका वाढतो. मग दुखतं, आकारही बिघडतो. तिथे पोटाची त्वचा-चरबी सहसा बरी. त्यासाठीच्या ‘डीप’ (DIEP) पद्धतीत पोटाचा स्नायू जागेवर राहतो, पण बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडाव्या लागतात. तेव्हा सर्जनना सरळ विचारा, वर्षात अशी किती करता? उत्तर गुळमुळीत वाटलं तर अहमदाबादच्या सिव्हिल आवारातल्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये दुसरं मत घ्या.

पाठीच्या स्नायूचा फ्लॅप, म्हणजे तिथून रक्तवाहिन्यांसकट आणून छातीवर बसवलेला भाग, त्यामानाने सोपा, पण पुष्कळदा खाली सिलिकॉनचं इम्प्लांट घालावं लागतं. नुसतं सिलिकॉन ठरलं तर बऱ्याचदा आधी कातडीखाली एक्स्पांडर, म्हणजे फुग्यासारखी पिशवी, बसवतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी सुईने सलाइन भरत जातात.

आई मिश्री लावतात का? आजच बंद करा. निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो, फ्लॅप दगावू शकतो. डायबेटिस असेल तर साखर आटोक्यात हवी.

स्पर्शाची जाणीव बहुधा पूर्वीसारखी येत नाही, हे आईंना आधीच सांगा. आणि घाई नाही, काही वर्षांनीही करता येतं. त्यांना नकोच असेल तर ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो. नातेवाइकांचं मत विचारूच नका.