बाळंतपणानंतरची डोकेदुखी आणि एमआरआय

प्रश्न : मुलीचं सिझर होऊन नऊ दिवस झाले. तीन दिवसांपासून डोकं ठणकतंय, आडवं झालं की जास्तच. कमरेत दिलेल्या भुलीमुळे असेल, असं घरचे म्हणतात. डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय. खरंच गरज आहे का? बाळाला अंगावर पाजता येईल ना?

उत्तर : गरज आहे, आणि आजच. भुलीच्या सुईमुळे होणारी डोकेदुखी बहुधा पाच दिवसांच्या आत सुरू होते, उठून बसलं की वाढते आणि पडून राहिलं की उतरते. तुमच्या मुलीचं नेमकं उलट आहे. अशा वेळी मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याची शंका आधी दूर करावी लागते. बाळंतपणानंतर सहा आठवडे रक्त गोठण्याचा धोका जास्त असतो. त्यात बाळंतिणीचं पाणी तोडणं फार घातक. तिला भरपूर पाणी द्या.

साधा सीटी नॉर्मल आला, तरी गुठळी नाही असं म्हणता येत नाही. चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन’सोबत ‘एमआर व्हेनोग्राफी’ (मेंदूच्या शिरांचं चित्रण) लिहिलंय का, ते बघा. ती कॉन्ट्रास्टशिवायही, म्हणजे चित्र उठून दिसण्यासाठीचं इंजेक्शन न देताही होते. मात्र डावीकडची ट्रान्सव्हर्स सायनस ही शीर अनेकांत जन्मतःच बारीक असते आणि व्हेनोग्राफीत तुटल्यासारखी दिसते. म्हणून रेडिऑलॉजिस्ट एसडब्ल्यूआय (एमआरआयचाच एक प्रकार, त्यात साकळलेलं रक्त काळं दिसतं) चित्रांत तिथे गुठळीचा काळा डाग आहे का, तेही पाहतात. गुठळी निघालीच, तर हेपरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध लगेच सुरू करतात.

बीपीही मोजून घ्या. वाढलेल्या बीपीमुळे मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते, त्याला ‘प्रेस’ म्हणतात. एमआरआयच्या ‘फ्लेअर’ नावाच्या चित्रांत तिथे बहुधा दोन्हीकडे पांढरे चट्टे दिसतात. बीपी 160/110 किंवा वर असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, हात किंवा पाय लुळा पडला किंवा झटका (फिट) आला, तर स्कॅनच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्या. एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर वाढलेल्या बीपीसोबत येणाऱ्या) झटक्यात मॅग्नेशियम सल्फेट हे झटके थांबवणारं औषध आधी, स्कॅन नंतर.

कॉन्ट्रास्ट दिलं तरी दूध पाजायला हरकत नाही, ते काढून टाकायचीही गरज नाही. गरोदरपणात मात्र गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) शक्यतो टाळतात.

आत जाण्याआधी मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना काढून ठेवा. टाक्यांना धातूच्या पिना असतील किंवा तांबी बसवली असेल तर टेक्निशियनला सांगा. तांबीमुळे तपासणी अडत नाही.