मदत वाटून मोकळं व्हायचं सोडून संस्था गरीब गावांत दहा-दहा वर्षं का राहतात?

कारण वाटलेली वस्तू संपते, शिकलेलं टिकतं, आणि शिकवायला वेळ लागतो. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेचंच बघा ना, १९८० पासून दहा वर्षं त्यांच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवत होत्या, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, आईच्या हातून करवून घ्यायचं, आणि नंतर दुसरं कोणीतरी जाऊन तिला किती आठवतंय ते तपासायचं, त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे! हे मला फार मोलाचं वाटतं. नुसती जुलाबावरच्या पावडरीची तयार पाकिटं वाटली असती तर ती संपल्यावर पुढच्या बाळाचं काय? फक्त पूर, दुष्काळ असेल तर आधी वाटपच करावं लागतं, तिथे शिकवत बसून चालत नाही.