कडक भाकरी आधी मोडा, मग रस्सा ओता
वाचकांचे प्रश्न : सोलापुरातलं बाहेरचं खाणं

हुरडा आणि गड्डा (सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा) दोन्ही तोंडावर आलेत, त्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांत पाहुण्यांचीच चिंता जास्त दिसते. एकाच अर्थाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : पुण्याहून नणंद, नंदावा आणि त्यांची दोन मुलं शनिवारी सकाळी येतायत, रविवारी संध्याकाळच्या गाडीने परतणार. चादर आणि चटणीपलीकडचं सोलापूर त्यांना खायला घालायचंय. कुठे नेऊ? (जुळे सोलापूर)

कुठे न्यायचं ते नंतर बघू, आधी वेळा ठरवा. घरगुती चवीच्या खानावळीत साडेबारा ते दोन हीच खरी वेळ. तोवर भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. अडीचनंतर थापणाऱ्या बायका उठतात आणि डब्यातली येते. मऊ भाकरी मागवताना "चौघांना आठ आणा" असं म्हणू नका, "एकेक गरम वाढा" म्हणा. ज्वारीची भाकरी दहा मिनिटांत ताठरते आणि मग पाहुणे ज्वारीला नावं ठेवतात.

कडक भाकरी हा मात्र वेगळा प्रकार आहे. ती शिळी झालेली भाकरी नव्हे. पातळ थापून, बहुतेक वेळा तीळ लावून, मंद आचेवर पाणी पूर्ण उडेपर्यंत वाळवलेली असते, म्हणून कितीतरी दिवस टिकते. पुण्याची मुलं ती पापडासारखी कुडूमकुडूम खातात आणि हिरड्या सोलून घेतात. ताटात अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे मोडा, वरून उकळता रस्सा जेमतेम बुडतील इतकाच ओता आणि मिनिट-दीड मिनिट हात लावू नका. त्याआधी खाल्ली तर टोचते, पाच मिनिटं ठेवली तर लगदा होतो. कोमट आमटीत ती भिजतच नाही, वरून ओली आणि आत लाकूड. वाटी गार झाली असेल तर बिनधास्त पुन्हा गरम करून मागा.

ताटात भरलं वांगं, ठेचा, दह्यात कालवलेली शेंगा चटणी असावी. शेंगापोळी किंवा गव्हाची हुग्गी (खीर) त्या दिवशी केली असेल तर जेवणाआधीच बाजूला ठेवायला सांगा, शेवटी विचारलं की संपलेली असते. मेनूवर 'बाजार आमटी' दिसली तर एक प्रश्न विचारा : डाळी किती? करमाळ्याकडची ही आमटी मिश्र डाळींची, पातळ आणि तर्रीदार असते. नुसत्या तुरीच्या वरणात तिखट ओतून ते नाव देणारे बरेच झालेत.

शनिवारी संध्याकाळी पार्क चौक आणि सात रस्त्याच्या गाड्या. सात ते साडेआठ ठीक, त्यानंतर गर्दीत मुलांना उभं राहायलाही जागा नसते. रविवारी सकाळी पूर्व भागात जा. अशोक चौक, साखर पेठ या बाजूला तेलुगू घरांची वस्ती आहे, इडली-डोशाचा नाश्ता तिथे आठ ते साडेनऊमध्ये उरका.

रविवारी दुपारी मटण हवं असेल तर शनिवारीच ऑर्डर द्या. एक किलो कच्च्या मटणात पाच-सहा जण जेवतात. हाडं आणि शिजून होणारी घट धरूनच हा हिशेब आहे, त्यामुळे सांगितलेलं वजन कच्चं की शिजलेलं हे स्पष्ट करून घ्या. मुलांसाठी आळणी हवी असेल तर तेही ऑर्डर देतानाच बोला. ती मसाला पडण्याआधी पातेल्यातून काढून ठेवावी लागते. जेवायला बसल्यावर मागितली, तर काळ्या रश्शात पाणी घालून 'आळणी' म्हणून येण्याची शक्यता दाट.

प्रश्न : दुकानातून शेंगा चटणी घेताना कुटलेली आणि मिक्सरमधली कशी ओळखायची? घरी मिक्सरवर केली की पीठ होतं. (विजापूर रोड)

चिमूटभर घेऊन दोन बोटांत दाबा. कुटलेली असेल तर गोळी वळते आणि बोटांना तेल लागतं, तरी दाणा जिभेवर जाणवतो. मिक्सरचं पातं दाणा कापतं, उखळ तो चेचतं. चेचल्यावर शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि तिखट-लसूण त्याच तेलात मुरतं. चव तिथून येते, वरून ओतलेल्या तेलातून नाही.

घरी पाव किलो दाणे मंद आचेवर खरपूस भाजा. पूर्ण गार होऊ द्या, इथेच घाई होते आणि गरम दाण्याचा लोणीगोळा होतो. सालं काढा. बारा-पंधरा लसूण पाकळ्या, दीड ते दोन चमचे लाल तिखट, चमचाभर जिरं आणि मीठ आधी एकत्र फिरवा. मग दाणे घालून मिक्सर दोन-दोन सेकंद, सात-आठ वेळा नुसता झटक्यात चालवा, मध्ये चमच्याने खालचं वर करा. शेवटी खलबत्त्यात पाच मिनिटं कुटलंत तर फरक घरच्यांना न सांगता कळेल.

विकत घेताना दिसण्यापेक्षा वासावर जा. खवट वास तिखटाखाली लपत नाही. लसूण ओला असतो, म्हणून उन्हाळ्यात बाहेर महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नका. ओला चमचा तर कधीच नको.

प्रश्न : ऑफिसच्या पंचवीस जणांची हुरडा पार्टी ठरवायची आहे. गेल्या वर्षी हुरडा चिवट निघाला आणि पोटभर मिळालाही नाही. शेत निवडताना काय विचारावं? (होटगी रोड)

पहिला प्रश्न : पेरणी टप्प्याटप्प्याने केली आहे का? ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरातली, आणि हुरड्याचा हंगाम डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत धरतात. पण एका वेळी पेरलेल्या तुकड्यातली कणसं हुरड्याच्या अवस्थेत जेमतेम आठ-दहा दिवस राहतात. सगळं रान एकदम पेरणारा माणूस महिनाभर पार्ट्या घेत असेल, तर त्यातल्या अर्ध्यांना निबर दाणाच मिळणार. तुमच्या वाट्याला बहुधा हेच आलं.

दुसरा प्रश्न वाणाचा. हुरड्यासाठी गुळभेंडी, सुरती, कुचकुची अशा जाती वेगळ्या लावतात. त्यांचा दाणा गोड असतो, आणि गुळभेंडीचा तर बोंडातून सहज सुटतो. मालदांडी ही भाकरीची ज्वारी. मंगळवेढ्याच्या याच ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा हुरडा होत नाही असं नाही, पण दाण्याला कोंडा चिकटून राहतो आणि चोळणाऱ्याचे हात सोलतात.

शेतावर गेल्यावर कणसातला एक दाणा नखाने दाबा. पांढरं दूध उडालं तर अजून चार दिवस हवेत. कणकेसारखा दबला तर बरोबर. नख उमटतच नसेल तर तो हुरडा नाही, ज्वारी आहे.

आता आगटी. खड्ड्यात शेण्या पेटवून ज्वाळ बसू देतात आणि लाल निखाऱ्यावर राख आली की कणसं आत खुपसतात. दोन-तीन मिनिटं फिरवत राहायचं, दाणे तडतडले की बाहेर. मग गरम असतानाच पोत्यावर किंवा तळव्यात चोळून, सुपात पाखडून ताटात. ज्वाळेवर धरलं तर बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहतं, लाकडं पेटवली तर धुराचा वास. पाखडल्यापासून पाच मिनिटांत खाल्ला तर तो हुरडा, टोपलीत गार झाला की रबर. म्हणून तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : आमच्यासाठी आगट्या किती? आठ-दहा माणसांमागे एक हवी, आणि प्रत्येकीवर एक भाजणारा, एक चोळणारा. पंचवीस जणांना एकच आगटी असेल तर मागचे पंधरा जण रेवड्या आणि बोरं खाऊन पोट भरतील. यजमानाला तेच परवडतं. जाहिरातीत सोबतच्या पदार्थांची यादी जितकी लांब, तितकी हुरड्याची चौकशी जास्त करा.

माणशी साधारण पाव किलो हुरडा धरा. कणसं त्याच सकाळी कापलेली हवीत. आदल्या दिवशीची असली की गोडी गेलेली असते. सकाळी साडेआठ ते अकरा ही वेळ घ्या. ऊन चढलं की आगटीजवळ बसवत नाही. सोबत शेंगा चटणी, गूळ आणि दही पुरे. पूर्ण बाह्यांचे कपडे सांगा, ज्वारीचा कोंडा मानेला खाजतो. दमेकरी सहकाऱ्याला पाखडणाऱ्याच्या वाऱ्याखाली बसवू नका. आणि त्यावर लगेच भरपेट जेवण ठेवू नका. अर्धकच्च्या दाण्याने पोट फुगतं. ताक द्या, जेवण दीडनंतर.

प्रश्न : कॅफेत कॅपुचिनो कधी पाणचट लागते, कधी जळकी. एकाच कॅफेत असं का होतं? (केगाव, विद्यार्थी)

कारण कॉफी मशीन बनवत नाही, दळण बनवतं. कॅपुचिनोत दुधाखाली एस्प्रेसो, म्हणजे दाबाने काढलेली दाट कॉफी असते. दोन कपांच्या एस्प्रेसोसाठी साधारण १८ ग्रॅम पूड घेतात, २५ ते ३० सेकंदांत त्यातून सुमारे ३६ ग्रॅम द्रव यायला हवा. दळण जाडं असेल किंवा बिया जुन्या असतील तर बारा-पंधरा सेकंदांतच धार सुटते आणि कॉफी आंबट-पाणचट होते. फार बारीक दळण असेल तर थेंब थेंब पडत चाळीस सेकंद जातात, मग जळका कडवटपणा. सकाळी लावलेलं दळण दुपारच्या उकाड्यात बदलावं लागतं, आणि ते बदलणारा मुलगा त्या दिवशी सुट्टीवर असतो.

दुसरी गोष्ट दूध. ६० ते ६५ अंशांपर्यंत ते गोड लागतं, सत्तरच्या पुढे उकळल्या दुधाचा वास येतो. एकदा वाफ दिलेलं दूध तसंच पुन्हा तापवताना दिसलं तर नवं घ्यायला सांगा. कप १५० ते १८० मिलिलिटरचा हवा. पाऊण फूट उंच मगात एकच शॉट (एका कपाचा एस्प्रेसो) टाकला तर ते कॉफी शिंपडलेलं दूध. ऑर्डर देताना "शॉट सिंगल की डबल?" एवढं विचारा.

कोल्ड कॉफीचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ती इन्स्टंट पूड, दूध, साखर आणि आइस्क्रीम असते. छान लागते, पण तिच्यासाठी एस्प्रेसोचे पैसे मोजू नका. फिल्टर कॉफीच्या पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे, आणि चिकोरी ४९ टक्क्यांहून जास्त चालत नाही.

प्रश्न : बिलात सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि पाण्याच्या बाटलीचे जादा पैसे. यातलं काय द्यावं लागतं? (सात रस्ता)

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

जीएसटी साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. पण बिलावर मालक कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकाने ठोक दराने स्वतःच कर भरायची सोय) असल्याचं लिहिलेलं असेल तर तो ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. छोट्या हॉटेलांत ही गल्लत नेहमीची.

बाटलीच्या बाबतीत मात्र वाचक हरतात. टेबलावर बसून घेतलेल्या पाण्यासाठी छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून वजनमाप कायद्याखाली कारवाई होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. साधं पाणी मागा.

प्रश्न : मुलीला गव्हाची सीलिअॅकची बाधा आहे. ज्वारीच्या गावात राहून तिला बाहेर निर्धास्त खाता येईल ना? (साखर पेठ)

निर्धास्त नाही. ज्वारीत ग्लूटेन (गव्हातलं बाधणारं प्रथिन) नसतं हे खरं, पण त्याच परातीत चपातीची कणीक मळतात आणि त्याच तव्यावर चपाती भाजतात. धपाट्यात गव्हाचं पीठ बहुतेक वेळा असतंच. सगळ्यात फसवा पदार्थ हिंग : बाजारातला बांधानी हिंग गव्हाचं पीठ किंवा मैदा घालून केलेला असतो, म्हणून फोडणीची आमटीसुद्धा बाद. हुग्गी आणि शेंगापोळी तर उघडच गव्हाच्या. गिरणीत ज्वारी गव्हानंतर दळली असेल तर पीठही बाधतं. बाहेर जाताना घरची कडक भाकरी सोबत घ्या, तिथे दही, हिंग नसलेली शेंगा चटणी आणि उकडलेली अंडी मागा. आगटीवरचा हुरडा मात्र ती खुशाल खाऊ शकते, चटणी-शेव घरून न्या.

प्रश्न : गड्ड्यात लहान मुलांना काय खाऊ घालावं? दर वर्षी कोणीतरी आजारी पडतं. (भवानी पेठ)

संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात, तेव्हा होम मैदानावर पोचायलाच तास जातो आणि मुलं भुकेने हाताला येईल ते खातात. घरून काहीतरी खाऊनच निघा आणि शक्य तर पाच-साडेपाचला पोचा. तेव्हा कढईत तेल ताजं असतं.

कढईकडे दोन मिनिटं बघा. भजी टाकण्याआधीच तेलावर फेस, काळपट रंग आणि डोळ्यांत जाणारा धूर असेल तर पुढे चला. भजी डोळ्यांसमोर तळलेली घ्या, परातीत डोंगर रचलेली नको.

पण मुलं आजारी पडतात ती बहुधा भज्यांनी नाही, पाणी आणि बर्फाने. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम २०१८ पासून आहे, सरबतात तसा दिसला तर ग्लास परत करा. पारदर्शक दिसला तरी तो जमिनीवर पोत्यात ठेवलेला नाही ना ते पाहा. पाणीपुरी टाळा. उसाचा रस बर्फाशिवाय, गाळणं धुताना दिसत असेल तरच. कापून ठेवलेली फळं नकोत, सोलून खायची केळी-संत्री चालतील. रमजानमध्ये विजापूर वेशीतल्या मीना बाजारातही हेच बघा. तिथे गर्दी रात्री उशिरापर्यंत असते, म्हणून मुलांना इफ्तारनंतरच्या पहिल्या तासातच नेऊन आणा.