तीन अपवाद आणि एक कारकीर्द

प्रश्न : मेल्विन माइल्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने कोल्ड फ्यूजनच्या, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवण्याच्या, मागे आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली. जगाने मोडीत काढलेल्या विषयापायी एवढा अभ्यासू माणूस का झिजला? एम.एस्सी. रसायन करणाऱ्या माझ्या मुलाने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : मी तीस वर्षं विद्युतरसायन शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे.

23 मार्च 1989 रोजी युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या विद्युतरसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असतो) पॅलॅडियम या धातूची कांडी ठेवून वीज सोडली तर हिशोबापेक्षा जास्त उष्णता निघते, आणि ती केंद्रकं जुळल्याने येते. आमच्या कॉलेजात त्या एप्रिलमध्ये दुसरा विषय नव्हता. पॅलॅडियम परवडणारं नव्हतं, म्हणून साध्या पाण्यावर निदान उष्णता मोजायचा सराव करू म्हटलं. रोज दुपारी चारनंतर तापमान चढायचं. आठवडाभराने कळलं, खिडकीतलं ऊन टेबलावर येत होतं. तेव्हापासून उष्णता मोजणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

मोजणी दिसते तितकी सोपी नाही. दिलेल्या विजेचा काही भाग पाणी फोडण्यात जातो आणि सुटलेल्या ड्युटेरियम व ऑक्सिजन वायूंबरोबर निघून जातो. जड पाण्यासाठी व्होल्टेजमधून 1.527 वजा करायचे, उरलेल्याला विद्युतप्रवाहाने गुणायचं, तेवढी उष्णता भांड्यात राहायला हवी. वायू आतच पुन्हा एकत्र आले तर हा हिशोब चुकतो आणि खोटी जादा उष्णता दिसते.

माइल्स कॅलिफोर्नियात चायना लेकच्या नौदल प्रयोगशाळेत होते. त्यांचे सुरुवातीचे प्रयोग फसले आणि तसं त्यांनी सरळ कळवलं. नोव्हेंबर 1989 मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीच्या अहवालात त्यांची प्रयोगशाळा नकारार्थी निकालांच्या यादीत गेली. पुढे दुसऱ्या कंपनीच्या पॅलॅडियमने त्यांना जादा उष्णता मिळू लागली. मुलाला सांगा, या माणसाने आधी शून्य छापलं आणि मगच बेरीज छापली. माझा विश्वास बसला तो इथे.

त्यानंतर त्यांनी नेमका प्रश्न धरला : उष्णता अणुकेंद्रकातून येत असेल तर राख, म्हणजे त्या क्रियेतून उरणारा पदार्थ, कुठे आहे? ड्युटेरियमची दोन केंद्रकं जुळून हेलियम-4 झालं तर दर अणूमागे 23.8 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते, म्हणजे उष्णता मोजली की किती हेलियम सापडायला हवं हे ठरतं. पण हवेतच दशलक्षात पाच भाग हेलियम असतं आणि ते काचेतूनही झिरपतं. म्हणून माइल्सनी काच सोडून धातूच्या भांड्यांत वायू गोळा केले आणि ते बाहेरच्या प्रयोगशाळांकडे पाठवले. कुठल्या नमुन्यात उष्णता निघाली होती, हे तपासणाऱ्यांना माहीत नसे.

आपल्याकडेही ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या चमूने 1989 मध्येच ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन, अणुक्रियेची खूण) सापडल्याचं कळवलं होतं. विषय तिथेही थंडावला.

म्हणून कोल्ड फ्यूजन सिद्ध झालं का? नाही. 2019 मध्ये गूगलच्या पैशावर चाललेल्या चमूने पुन्हा कसून प्रयोग केले, त्यांना पुरावा मिळाला नाही. इतरांना हवं तेव्हा करून दाखवता येत नाही तोवर मीही होकार देणार नाही. पण माइल्सची वर्षं वाया गेली, हे मला मान्य नाही.

त्यांच्या 33 प्रयोगांपैकी 12 मध्ये जादा उष्णता नव्हती आणि हेलियमही नव्हतं. उरलेल्या 21 मध्ये उष्णता होती, त्यांतल्या 18 मध्ये हेलियम मिळालं. राहिलेले तीन त्यांनी लपवले नाहीत : एकात मोजणीची चूक असावी, दोनांत पॅलॅडियमबरोबर सेरियमचा मिश्रधातू होता. मुलाला माइल्सचा शोधनिबंध मिळाला तर हे तीन प्रयोग त्याने सगळ्यात आधी वाचावेत.