पायऱ्या की एबीसीची वही? दोन्ही कर, फक्त क्रम पाळ

अरे मित्रा, तुझं सगळं वाचलं. दारू सोडून चार महिने झालेत, संध्याकाळी एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची मीटिंग, आणि शनिवारी कौन्सेलरकडे आरईबीटी, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायची पद्धत. तिच्यातली एबीसीची वही म्हणजे घटना, तेव्हा मनात आलेला विचार आणि त्याचा परिणाम असे रकाने. स्पॉन्सर, म्हणजे एएतला तुला वाट दाखवणारा जुना सभासद, म्हणतो जास्त डोकं लावू नकोस, नुसता मीटिंगला येत राहा. कौन्सेलर म्हणतो तू हतबल नाहीस, विचार बदलता येतात. त्यात तुझा देवावर विश्वास नाही, म्हणून एएच्या बारा पायऱ्यांतली दुसरी-तिसरी, जिथे आपल्याहून मोठ्या उच्च शक्तीवर भरवसा ठेवायचा असतो, ती गळी उतरत नाही, आणि तू विचारतोयस की दोन्हीपैकी एक सोडून देऊ का. माझं मत विचारशील तर अजिबात सोडू नकोस. मला अकरा वर्षं झाली सोबर राहून, दोन्ही अजून चालू आहे, आणि पहिलं दीड वर्ष मी पण हेच डोक्यात घेऊन फिरत होतो.

आधी तो हतबल शब्द. पहिली पायरी परत एकदा सावकाश वाच, त्यात दारूपुढे हतबल असं आहे, सगळ्या आयुष्यापुढे नाही. पहिला पेग आत गेला की पुढे किती पिणार, कुठे पडणार, घरी कधी पोचणार यातलं काहीच माझ्या हातात राहत नाही, हे मी बारा-तेरा वर्षं रोज बघितलंय. पण ग्लासाला हात लावायच्या आधीचं बरंच काही माझ्या हातात आहे ना. स्टेशनवरून घरी कुठल्या रस्त्याने जायचं, चुलतभावाच्या हळदीला किती वाजता पोचायचं आणि जेवून किती वाजता निघायचं, कुणाला फोन करायचा. कौन्सेलर या आधीच्या भागाबद्दल बोलतोय आणि स्पॉन्सर नंतरच्या. दोघंही खरं बोलतायत.

मला हे खरं कळलं चौथ्या पायरीला. तिथे आपण मनातल्या अढी लिहून काढतो, कोणाचा राग, त्याने काय केलं, माझं काय दुखावलं, आणि मग यात माझी चूक कुठे. मी पहिलं नाव थोरल्या भावाचं लिहिलं, त्याने गावच्या जमिनीचा व्यवहार मला न विचारता केला होता. तीन पानं लिहिली आणि राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला, त्या रात्री झोप नाही. कौन्सेलर बाईंनी ती वही बघितली आणि घटना आणि दुखावणं यांच्यामध्ये एक रेघ मारून अजून एक रकाना काढला. म्हणाल्या, घटना घडली तेव्हा तुम्ही मनात स्वतःशी काय बोललात ते इथे लिहा. मी लिहिलं, "त्याने मला विचारायलाच हवं होतं." त्यांनी लाल पेनाने त्यातला 'च' गोल केला. बस, एवढंच केलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, हे ठीक आहे. पण विचारायलाच हवं होतं, नाही विचारलं म्हणजे माझी काही किंमतच नाही, आणि हे मला सहनच होणार नाही, हे तीन 'च' माझे होते, भावाचे नव्हते. आणि प्रत्येक 'च'च्या शेवटी मी बाटली उघडत होतो. अल्बर्ट एलिसची ही सगळी पद्धत कि. मो. फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी मराठीत आणली, पण मला विचाराल तर आपल्या भाषेत तो 'च' इतका उघड दिसतो की मराठी माणसाला हे शिकणं सोपंच जातं. तो रकाना भरला आणि मग 'माझी चूक कुठे' हा रकाना लिहिताना हात थरथरला नाही. नवव्या पायरीला, जिथे आपण दुखावलेल्या माणसांची भरपाई करायची असते, भावाकडे गेलो तेव्हा जमिनीचा विषय काढला नाही, मी त्याच्या मुलीच्या बारशात पिऊन जो तमाशा केला त्याची माफी मागितली.

आता क्रम. हे सगळ्यात महत्त्वाचं. तलफ आली की आधी फोन, वही नंतर. तलफ चालू असताना एबीसी भरायला बसलास तर डोकं वकिली करतं, आणि आपलं डोकं या केसमध्ये दारूचं वकीलपत्र घेऊन बसलेलं असतं, एक पेग का चालेल हे ते बरोबर सिद्ध करून देतं. माझं तसंच झालं आहे, सातव्या महिन्यात, वही उघडी आणि समोर क्वार्टर. म्हणून फोन कर, काहीतरी खा, माणसात जाऊन बस, तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते, ती उतरू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर वही. आणि देव न करो पण स्लिप झालीच, म्हणजे परत प्यायलास, तर "मी हतबल, होणारच होतं" असंही नाही आणि "चार महिने पाण्यात गेले, आता पिऊनच घेऊ" असंही नाही. अॅलन मार्लाट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या दुसऱ्या विचारावर खूप काम केलंय, एका पेगपेक्षा त्यानंतरचा हा विचारच माणसाला परत खड्ड्यात नेतो.

देवाचं म्हणशील तर एएच्या बारा परंपरा, म्हणजे गट कसा चालवायचा याची तत्त्वं, त्यातली तिसरी बघ, सभासद व्हायला फक्त दारू सोडायची इच्छा लागते. माझ्यासाठी ती उच्च शक्ती म्हणजे मीटिंगमधली वीस खुर्च्यांवरची माणसं, एवढं पुरतं मला.

आणि हे एकत्र करणं म्हणजे आपण काही जगावेगळं करतोय असं नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथे समुपदेशन आणि एएची मीटिंग दोन्ही चालतं. २०२० चा कोक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा आढावा होता, २७ अभ्यास, दहा हजारांवर लोक, त्यात पेशंटला एएशी नीट जोडून देणारे उपचार दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत सीबीटीसारख्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचारांइतके किंवा थोडे जास्तच उपयोगी दिसले. म्हणजे कौन्सेलरने मीटिंगला पाठवणं हाच एक उपचार. स्मार्ट रिकव्हरी म्हणून १९९४ पासून एक संस्था आहे, ती आरईबीटी-सीबीटीवरच चालते, इंग्रजी जमत असेल तर त्यांच्या ऑनलाइन मीटिंग बघ. तिथे स्वतःला अल्कोहोलिक म्हणायची सक्ती नाही आणि एकमेकांशी उलटसुलट चर्चा चालते, एएत शेअरिंगच्या मध्ये कुणी बोलत नाही. मला दोन्ही लागतं, कधी कुणीतरी नुसतं ऐकावं असं वाटतं, कधी कुणीतरी विचारावं की बाबा हे कशावरून.

एक गोष्ट मात्र डोळे झाकून ऐक. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या किंवा तलफेच्या गोळ्या दिल्या असतील तर कुठल्याही मित्राच्या सांगण्यावरून बंद करू नकोस, एएच्या स्वतःच्या पुस्तिकेत लिहिलंय की कुणी सभासदाने डॉक्टर बनू नये. आणि रोज पिणाऱ्या कुणाला एकदम घरी कोंडून दारू तोडायला सांगू नकोस, फिट येऊ शकते, जीव जाऊ शकतो, ते दवाखान्यातच. कुणाशी बोलायचं असेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर आहे, फुकट आहे.

या आठवड्यात एवढंच कर, ती एबीसीची वही स्पॉन्सरला दाखव आणि चौथ्या पायरीबद्दल कौन्सेलरला सांग. दोघांना एकमेकांचं माहीत नाही म्हणून तुझी ओढाताण होतेय. माझ्या स्पॉन्सरने वही बघून एवढंच म्हटलं होतं, अरे हे तर आपलंच आहे. आणि गटारी येतेय, त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे असणार आणि कुणाबरोबर, ते आजच लिहून ठेव, जमलं तर इथेच लिही, मी वाचतो.