वाचकांचे प्रश्न : अकराच्या आत किनाऱ्याला

प्रश्न : जानेवारीत मालवण ते वेंगुर्ले कयाकने जायचा बेत आहे. मध्ये निवतीला एक मुक्काम. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर दिसतं. पहिल्या दिवशी दुपारी जेवून निघालो तर चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : नको. या किनाऱ्यावरचा दिवस अंतरावर नाही, वाऱ्यावर ठरतो. थंडीत पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो आणि किनाऱ्यालगतचं पाणी सपाट असतं. नऊ-दहाला तो पडतो, थोडा वेळ सगळं निपचित होतं आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. तीनच्या सुमारास समुद्र फेसाळलेला असतो. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीशी असतो हे खरं, पण मागून आलेली लाट लादलेल्या कयाकला आडवी फिरवते आणि किनाऱ्याला लागायच्या वेळेला फुटत्या लाटाही वाढलेल्या असतात.

म्हणून दिसायला लागलं की, पावणेसातच्या सुमारास, बोट पाण्यात हवी. सामानासह ताशी पाच किलोमीटर धरलेत तर देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी पावणेनऊपर्यंत पोचाल. खरी काळजी इथे. ओहोटीचं पाणी खाडीतून जोरात बाहेर पडतं, समुद्राची लाट समोरून येते आणि दोन्ही वाळूच्या दांड्यावर भिडून लाटा उभ्या फुटतात. मुख ओलांडायचं ते भरतीच्या शेवटच्या तासात किंवा पाणी थांबलेलं असताना. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा जुना हिशेब मुंबईचा. मालवणला भरती त्याच्या आधी येते. द्वादशी-त्रयोदशीची सकाळ साधारण जुळते, पण नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा. मुख ओलांडलं की भोगवे डावीकडे ठेवून साडेदहाच्या आत निवती.

वाटेत वाळूवर दोन ठिकाणी माणसं दोर ओढताना दिसली, तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली आहे. त्या अर्धवर्तुळात शिरू नका, बोयांच्या बाहेरून वळसा घाला. त्यांच्या सकाळच्या कमाईचा प्रश्न असतो.

प्रश्न : बाजूने वारा आला की माझी कयाक सारखी वाऱ्याकडे तोंड करते. वल्हं चुकतंय का? (पुणे)

उत्तर : बहुधा सामान चुकतंय. बोट पुढे जाताना तिचं पुढचं टोक पाण्यात दाबून धरलं जातं, मागचं मात्र मोकळं असतं, ते वारा ढकलतो. पुढच्या हॅचमध्ये (सामानाच्या झाकणबंद कप्प्यात) वजन जास्त असेल तर हे आणखी वाढतं. माणशी दिवसाला पाच लिटर धरलं तरी दोन दिवसांचं पाणी दहा किलो होतं. ते एका कॅनमध्ये न भरता दोन-दोन लिटरच्या पिशव्यांत भरा आणि बैठकीच्या लगेच मागे, तळाशी ठेवा. स्टोव्ह आणि शिधा पुढच्या हॅचमध्ये, बैठकीकडच्या पडद्याला (आडव्या भिंतीला) लागून. टोकांना फक्त हलकं सामान : स्लीपिंग बॅग, कपडे. मागची बाजू किंचित जड असू द्या. एवढं करूनही वळत असेल तर स्केग, म्हणजे बोटीच्या तळाशी मागे असलेलं खाली-वर होणारं पातं, थोडा-थोडा खाली सोडा. पूर्ण सोडलात तर बोट उलट वाऱ्यापासून दूर पळते. स्केग उतरत नसेल तर खाचेत खडा अडकलेला असतो, निघण्याआधी तपासा.

प्रश्न : लाटांतून किनाऱ्याला लागताना दर वेळी उलटतो. (ठाणे)

उत्तर : समुद्राच्या बाजूने पाहिलं की लाटेची फक्त पाठ दिसते आणि ती असते त्याहून लहान वाटते. फुटत्या लाटांच्या बाहेर पाच मिनिटं थांबा. मोठ्या लाटा गटाने येतात, गट गेला की शेवटच्या लाटेच्या पाठीवरून आत या, तिच्या पुढे धावू नका. बोट आडवी झालीच तर लाटेच्या अंगाला झुका आणि वल्हं त्याच बाजूला पाण्यावर टेकवा. किनाऱ्याकडे झुकलात की उलटलात. उतरल्यावर बोट आणि वाळू यांच्या मध्ये उभं राहू नका. पाण्याने भरलेली कयाक पुढच्या लाटेसरशी गुडघा मोडू शकते. मुळात जागा नीट निवडलीत तर यातलं बरंचसं टळतं : भोगव्याचा किनारा उघडा आहे, किल्ले निवतीच्या डोंगराला वळसा घालून दक्षिणेच्या अंगाला लागा.

प्रश्न : तंबू कुठे लावावा? (नाशिक)

उत्तर : सकाळच्या भरतीने टाकलेल्या काडी-कचऱ्याच्या रेषेवर विसंबू नका. थंडीत आपल्याकडे रात्रीची भरती बहुधा दिवसाच्या भरतीपेक्षा उंच चढते. त्या रेषेच्या बऱ्याच वर, सुरूच्या झाडांकडे सरका. माडाखाली मात्र कधीच नको, नारळ आणि झावळ्या पडतात. वाळूत साधी खुंटी धरत नाही. पिशवीत वाळू भरून हातभर खोल पुरा आणि दोरी तिला बांधा. बोटही वर ओढून झाडाला बांधा. हॅचच्या रबरात वाळू राहिली की दुसऱ्या दिवशी पाणी शिरतं, ओल्या फडक्याने पुसून घ्या. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात. तिथे रात्री शेकोटी आणि पांढरा प्रकाश नको. ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या.

प्रश्न : परदेशातल्या भावाने सॅटेलाइट फोन दिला आहे, नेऊ का? (सांगली)

उत्तर : नेऊ नका. परवान्याशिवाय तो जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे. साधा मोबाइल पाणबंद पिशवीत घालून लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवा, हॅचमध्ये नको. उलटल्यावर हॅच उघडता येत नाही. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. निघण्याआधी सागरी पोलिसांना मार्ग आणि पोचायची वेळ कळवा, आणि पोचल्यावर पुन्हा फोन करा.