१५ इंची स्टेपनी लावून समृद्धीवरून मुंबईपर्यंत जाता येईल का?

तुमच्या गाडीला १६ इंची ॲलॉय आहेत, डिकीत १५ इंची स्टीलची स्टेपनी आहे आणि जालन्याच्या आसपास पंक्चर झालं तर तीच लावून शंभरच्या वेगाने मुंबई गाठता येईल का, असं विचारलंय. शंभरने नाही. स्टेपनीवर ८० चं स्टिकर असेल तर ८० म्हणजे ८०. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, मागून येणारा त्याच हिशेबाने येतो. म्हणून डावी लेन धरा, पुढच्या इंटरचेंजला उतरा आणि मूळ चाकाचं पंक्चर काढून घ्या.

रिम लहान म्हणजे अख्खं चाक लहान, असं मात्र समजू नका. टायरच्या अंगावरचे आकडे वाचा: आधी रुंदी मिमीत, मग उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिम इंचांत. १९५/५५ आर१६ चा व्यास साधारण ६२१ मिमी भरतो, १८५/६५ आर१५ चाही तेवढाच. असा जोड असेल तर फरक फक्त रुंदीचा आणि पकडीचा. ब्रेक दाबताना आणि वळणावर तेवढं भान ठेवायचं. पण स्टेपनी १७५/६५ आर१४ असेल तर व्यास ५८३ मिमी. म्हणजे तेच अंतर कापायला हे चाक किलोमीटरमागे ३३ फेरे जास्त मारणार. ते पुढे, इंजिनाची ओढ असलेल्या चाकांत लावलं तर डिफरन्शियलमधले (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) छोटे गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात, तापतात. म्हणून पुढचं चाक पंक्चर झालं असेल तर आधी स्टेपनी मागे लावा आणि मागचं चांगलं चाक काढून पुढे घ्या. पंधरा मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

आता खरा मुद्दा. स्टेपनीवर धोका फक्त आकारामुळे होत नाही, नटांमुळेही होतो. आमच्या घरी हा वाद जुना आहे. माझे मेव्हणे अजूनही म्हणतात की पान्यावर उभं राहून आवळल्याशिवाय चाकाचा भरवसा नाही. पुष्कळ पंक्चरवालेही तेच करतात. हे साफ चूक आहे, आणि का ते आकड्यांत सांगतो. गाडीसोबत येणाऱ्या पान्याची दांडी साधारण २५ सेंमी असते. तिच्या टोकाला ४० किलोचा जोर दिला की सुमारे ९८ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) होतात. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० लागतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. म्हणजे दोन हातांनी नीट दाबून ओढलं की काम झालं. ७० किलोचा माणूस त्याच दांडीच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी १७० च्या वर जातं. दांडीला ६० सेंमीचा पाइप घातला तर ४०० च्या वर. १२ मिमीचा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, एवढं सोसत नाही, तो ताणला जातो. लगेच तुटत नाही, म्हणूनच लोकांना आपलं बरोबर वाटतं. पुढच्या वेळी नट सोडताना आटे घासून बाहेर येतात, किंवा ब्रेकची डिस्क किंचित वाकते आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मग अलाइनमेंटला पैसे घालवले जातात, खोट भलतीकडेच असते.

उलट बाजूही तितकीच वाईट. हबवर, म्हणजे चाक ज्यावर टेकतं त्या भागावर, गंज, चिखल, सोललेला रंग असेल तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, चाक मात्र बसलेलं नसतं. ३०-४० किमीवर तो थर दबतो, नट सैल होतो, मागून टकटक ऐकू येते. असं चाक काढून पाहिलं तर नटांची भोकं लांबट, अंड्यासारखी झालेली दिसतात आणि कडेला चकचकीत घासलेला पत्रा. ते चाक भंगारातच. म्हणून चाक चढवण्याआधी हब आणि चाकाची टेकणारी बाजू फडक्याने किंवा तारेच्या ब्रशने पुसा. स्टडला ग्रीस, ऑइल लावू नका. तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो.

क्रम असा: चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. जॅक फक्त दारांखालच्या पट्टीत जिथे खाचा आहेत तिथेच. जॅक लावलेला असताना स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. चाक काढलं की तिथे पंक्चरचं चाक ठेवा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे, सगळे नट आधी हाताने शेवटपर्यंत, मग पान्याने एकाआड एक समोरासमोरचे. चाक जमिनीला टेकवून पूर्ण आवळा. ५० किमीवर थांबून पुन्हा पाना लावा.

हवा: लहान आकाराची स्टेपनी असेल तर तिच्यावर लिहिलेलीच, आकाराचा आकडा टी अक्षराने सुरू होतो त्या तात्पुरत्या टायरला साधारण ६० पीएसआय लागते. बाकी स्टेपनीत दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या हवेपेक्षा ४-५ पीएसआय जास्त भरून ठेवा, वर्षभर कोणी बघत नाही. टायरच्या अंगावर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. दहा वर्षांचं टायर नक्षी नवी दिसली तरी लावू नका.

एक राहिलं. समृद्धीवर उजवीकडचं, वाहत्या गाड्यांच्या बाजूचं चाक गेलं तर तिथेच उकिडवे बसू नका. हळूहळू चालवत मोकळ्या जागेपर्यंत न्या. टायर जाईल, गेला तर गेला. घरच्यांना बॅरिअरपलीकडे उभं करा आणि इशाऱ्याचा लाल त्रिकोण निदान शंभर पावलं मागे ठेवा. चारही चाकांना ओढ असलेली गाडी असेल तर वरचा मागे-पुढे बदलण्याचा सल्ला तुम्हाला लागू नाही, मॅन्युअल बघा. आणि २०२० नंतरच्या गाड्यांत कंपनीला स्टेपनीऐवजी दुरुस्ती किट द्यायची मुभा आहे; तेव्हा निघण्याआधी डिकीचा तळ उचलून स्टेपनी, जॅक आणि पाना तिन्ही आहेत का, ते डोळ्यांनी बघा.